गिरजाबाईंच्या नावावरचं वाक्य

मुलांनो, डोळे मिटायचे नाहीत, नुसते अर्धे झाकायचे. समोरचं दिसलं पाहिजे, पण त्याच्या कडा पुसट झाल्या पाहिजेत. जमलं? आता असं समजा, की एप्रिल महिना आहे, दुपारचे अडीच वाजलेत आणि तुम्ही फरशीवर गाल टेकून पडला आहात. फरशी गार लागते. थोड्या वेळाने गारही लागत नाही, कारण गालच फरशीसारखा होऊन जातो. कोपऱ्यात कूलर घुरघुरतोय. आई आतल्या खोलीत आडवी झाली आहे. तुम्ही जागे आहात की झोपलात, असं कोणी विचारलं तर तुम्हाला धड सांगता येणार नाही.

बास, तसेच राहा. आता तुमच्या जागी आपण मंजिरीला ठेवू.

मंजिरी बोरस्ते बारा वर्षांची आहे. ती नाशिकरोडला राहते, आणि आत्ता तिच्या डोक्याशी बुटांचे सात खोके आहेत. खोक्यांत बूट नाहीत, कार्डं आहेत. पोस्टकार्डाएवढी, उभी लावलेली, सगळी मिळून अकराशेच्या वर. ती शकूआत्याची. शकूआत्या म्हणजे मंजिरीच्या बाबांची थोरली बहीण. ती पंधरा दिवसांपूर्वी गेली.

आत्या विमानांच्या कारखान्यात अनुवादक होती. रशियातून यंत्रांची जाडजूड पुस्तकं यायची, ती इंग्रजीत आणायचं तिचं काम. तीस वर्षं तिने ते केलं. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, आत्याने कोश करायला घेतला. कोशही कसला, तर फक्त खऱ्याखोट्याच्या शब्दांचा. इंग्रजीत काय म्हणतात, रशियनमध्ये काय म्हणतात आणि आपण काय म्हणतो.

"खरं बोलायची एकच तऱ्हा असते गं," ती म्हणायची. "पण खोट्याच्या तऱ्हा बघ! आपण आंब्यांना ठेवतो तशी लोकांनी त्यांना नावं ठेवलीयत."

प्रत्येक कार्डावर वर तीन भाषांतले तीन शब्द. खाली एक वाक्य, जे कोणीतरी खरोखर बोललेलं असेल आणि आत्याने नाहीतर मंजिरीने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असेल. वाक्याखाली बोलणाऱ्याचं नाव, जागा, तारीख. वाक्य मिळालं नाही तर वाट बघायची. सहा महिने बघायची. पण रचायचं नाही. कारखान्यात मोजल्याशिवाय आकडा लिहीत नसत, तसंच हे.

मंजिरीने एक रचलं.

शब्द होता 'कुभांड'. रशियनमध्ये 'क्लिवेता', इंग्रजीत 'स्लँडर'. रचून कोणाच्या तरी माथी मारलेलं खोटं. आत्या दोन महिने त्या शब्दावर अडून बसली होती. पुस्तकांत सापडतो, पण माणसं तोंडाने बोलतात का? मंजिरी दर बुधवारी आईबरोबर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जायची, कान टवकारून उभी राहायची. कोणी कुभांडाचं नाव काढेना. बाजारात माणसं कांद्याचं बोलतात. मग आत्या आजारी पडली, दवाखान्यात गेली, आणि तिथूनही विचारायची, "कुभांड मिळालं का गं?" एका संध्याकाळी मंजिरीने कार्ड काढलं आणि लिहिलं:

"कुभांडाला पाय नसत्यात, त्ये दुसऱ्याच्या खांद्यावं बसून गावभर हिंडतं." गिरजाबाई, भाजीवाल्या, गंगेवरचा बाजार, २० फेब्रुवारी, सकाळी.

गिरजाबाई खऱ्या. बाजार खरा. वीस फेब्रुवारीला बुधवार होता, तोही खरा. तेवीस फेब्रुवारीला आत्याने ते कार्ड दवाखान्याच्या खाटेवर वाचलं आणि ती हसली. ठसका लागेपर्यंत हसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाचून दाखवलं. "बघा! ही आमची भाषा! ही भाजी विकणाऱ्या बाईच्या तोंडची!" मंजिरीच्या डोक्यावर तिने हात ठेवला, तो सलाइनचा हात होता, जड. दुसऱ्या दिवशी निकुंभ सरांना बोलावून तिने प्रस्तावना सांगितली, आणि प्रस्तावनेत गिरजाबाई आल्या, नावगावासकट.

त्यानंतर आत्या तशी हसली नाही.

निकुंभ सर म्हणजे कारखान्यातले आत्याचे सोबती. आज पाच वाजता ते खोके न्यायला येणार आहेत, छापखान्यात द्यायला. हे मंजिरीला सकाळपासून माहीत आहे. तिला वाईट वाटत नाही, भीती वाटत नाही, काहीच वाटत नाही. पंधरा दिवस असंच आहे. पाय दुमडून फार वेळ बसलं की तो आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तशी ती सगळीच्या सगळी झाली आहे. मामी म्हणाल्या होत्या, "पोर रडलीच नाही हो." मंजिरीने ते ऐकलं होतं. तेही कोणा दुसऱ्याबद्दल असल्यासारखं.

कूलर घुरघुरतो. डोळे अर्धे झाकलेले आहेत. कडा पुसट होतात.

"सरक जरा," कोणीतरी म्हणतं. "तिसरा खोका तुझ्या कोपराखाली आहे."

मंजिरी सरकते. शकूआत्या फरशीवर मांडी घालून बसली आहे. निळी सुती साडी, आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, कारखान्यात घालायची ते. मंजिरीला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटायला हवं, एवढं मात्र तिला कळतं.

"बूट घालून घरात आलीस," ती म्हणते. "आई ओरडेल."

"तुझी आई झोपलीय. आणि मला काय ओरडणार ती आता?" आत्या कार्डं चाळते आहे. बोटाला थुंकी लावून, भरभर, तिची नेहमीची वाईट सवय. "रडली नाहीस म्हणे?"

"येतच नाही."

"नको येऊ दे मग. आलं नाही ते आलं म्हणून लिहायचं नाही."

"मामी म्हणाल्या..."

"मामींचं राहू दे. मामी सिनेमाच्या नावांच्या पाट्या पडताना पण रडतात."

मंजिरीला हसायला यायला हवं. येत नाही. ती आत्याच्या बोटांकडे बघते. बोटं तशीच आहेत, तर्जनीवर शाईचा डाग.

"दुखलं का गं?" ती विचारते.

"आठवत नाही." आत्या एक कार्ड उजेडात धरते. "मला मदत कर जरा. एक शब्द सापडत नाहीये. तिन्ही भाषांत शोधलं. एका मुलीने एक वाक्य रचलं आणि ते एका बाईच्या नावावर टाकलं. ह्याला काय म्हणायचं?"

फरशी आता लांब झाली आहे. भिंती मागे गेल्या आहेत. खोक्यांच्या रांगेची कपाटांची रांग झाली आहे, राखाडी, लोखंडी, वर आकडे रंगवलेले. हा कारखान्यातला व्हरांडा आहे, जिथे आत्याने एकदा तिला आणलं होतं. दोघी चालताहेत. आत्याच्या बुटांचा आवाज येतो, मंजिरीच्या अनवाणी पायांचा येत नाही.

"व्रान्यो?" मंजिरी म्हणते. व्रान्यो तिला पहिल्यापासून आवडतो.

"व्रान्यो म्हणजे थाप. लोणकढी. गळाला लागलेला मासा एवढा एवढा होता म्हणणारा माणूस. सांगणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्याला ठाऊक, दोघं मजेत. इथे ऐकणारीला ठाऊक होतं का?"

"नव्हतं."

"मग ते नव्हे. पुढे बोल."

"प्रिपीस्का."

"दहा केले आणि बारा लिहिले, ती प्रिपीस्का. वरचे दोन फुगवलेले. पण खालचे दहा तरी खरे असतात की नाही? ही बाई थोडंतरी बोलली होती का?"

"नाही."

"एक शब्द?"

"मेथी कशी दिली विचारलं तर 'पाच रुपये' म्हणाल्या होत्या."

"ते वेगळं झालं."

व्हरांडा संपत नाही. दोन्ही बाजूंच्या कपाटांतून कार्डं थोडी थोडी बाहेर आली आहेत, जिभेसारखी. मंजिरी सावकाश म्हणते, "वीमिसल. वीमिसल म्हणजे कल्पनेने रचलेलं. तूच सांगितलंस. गोष्टीतला राक्षस वीमिसल असतो आणि ते पाप नाही. मी ते कल्पनेनेच रचलं."

'मी' तोंडातून निघून गेलेलं तिला ऐकू येतं. आत्या मान वर करत नाही. चालत राहते.

"वाक्य वीमिसल, हो," आत्या म्हणते. "वाक्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट चांगलं उतरलंय. पण त्याच्या खाली काय लिहिलंय?"

"नाव."

"नाव पण कल्पनेतलं आहे?"

मंजिरी कपाटांवरचे आकडे वाचायला लागते.

"चल, तिलाच विचारू," आत्या म्हणते, आणि एका कपाटाचं दार उघडते.

आत गंगेवरचा बाजार आहे. सकाळ आहे, पण ऊन पडलेलं नाही. सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं. बायका ओळीने बसल्या आहेत, पुढ्यात पाट्या. तोंडं हलताहेत आणि आवाज येत नाही. फक्त गिरजाबाईंचा येतो. त्या मेथीच्या जुड्यांवर पाणी मारताहेत. जाड भिंगांचा चष्मा, एका काडीला दोरा बांधलेला. बाजारात असतात तशाच.

"या ताई," त्या आत्याला म्हणतात. "बऱ्याच दिवसांनी. ही कोण, भाची का?"

"हो, भावाची मुलगी. तुम्हाला एक विचारायचंय. हे तुम्ही बोललात का?" आत्या कार्ड वाचून दाखवते. कुभांडाला पाय नसत्यात, त्ये दुसऱ्याच्या खांद्यावं बसून गावभर हिंडतं.

गिरजाबाई ऐकतात. पाणी मारायचं थांबवतात.

"अरे वा," त्या म्हणतात. "झकास आहे. पण हे 'नसत्यात' आणि 'त्ये' कोण बोलतं? मी काय साताऱ्याची आहे? टीव्हीवरच्या बाया बोलता तसं."

मंजिरीचे कान गरम व्हायला हवेत. ती हात लावून बघते. गार आहेत.

"कधी म्हणे बोलले मी?"

"वीस फेब्रुवारीला," मंजिरी म्हणते. "सकाळी."

"वीस फेब्रुवारीला?" गिरजाबाई बोटांवर काहीतरी मोजतात. "त्या बुधवारी मी आलेच नव्हते, पोरी. नातवाला ताप होता, त्याला घेऊन बसले होते घरी. आले नाही त्या दिवशी पण मला उठवून बाजारात बसवलंस का तू?"

"आजी," मंजिरी म्हणते. ती उकिडवी बसते, पाटीच्या कडेला हात लावते. "आजी, तुम्ही घ्या ना ते. तुमचं करून टाका. आत्ता बोला एकदा, मी ऐकते. मग खरं होईल."

"दुसऱ्याच्या शेतातली मेथी माझ्या जुडीत बांधू?"

"चांगलं आहे म्हणालात ना तुम्ही?"

"चांगलं आहे. म्हणून काय माझं होतं?" गिरजाबाई चिडलेल्या नाहीत. त्या तिला जुडी निवडायला शिकवत असल्यासारख्या बोलतात. "हे बघ. पुस्तक निघेल. कोणी शिकलेला माणूस येईल, विचारेल, गिरजाबाई, तुम्ही असं बोललात म्हणे. मी काय सांगू? मला तर वाचता येत नाही. माझ्या नावावर कोणी काय लिहून ठेवलंय, ते मला जन्मात कळायचं नाही. तू आज गोड लिहिलंस. उद्या दुसरा कोणी कडू लिहील."

त्या परत मेथीवर पाणी मारायला लागतात. थेंब मंजिरीच्या पायावर पडतात, पण ओले लागत नाहीत.

"पद्लोग," मंजिरी म्हणते.

आत्या पहिल्यांदा तिच्याकडे बघते.

"सांग."

"खऱ्याच्या जागी हळूच सरकवून ठेवलेलं खोटं. कागद खरा, शाई खरी, खालचं नाव पण खरं. फक्त गोष्ट झालेलीच नाही."

"इंग्रजीत?"

"फोर्जरी. नाही, फॉल्सिफिकेशन. नोंद खोटी करणं."

"आणि आपल्यात?"

मंजिरी विचार करते. जाड जाड शब्द येतात, आत्याच्या कार्डांवरचे. ती ते एकेक बाजूला ठेवते.

"खोटी नोंद," ती म्हणते.

"साधा आहे," आत्या म्हणते. "पण चालेल. बरोबर आहे."

हा शब्द सापडला म्हणून आत्या खूश होईल, निदान खांदा थोपटेल, असं मंजिरीला वाटतं. आत्या तसं काही करत नाही. ती खाटेवर बसली आहे. खाट बाजाराच्या मधोमध आहे, लोखंडी, पांढऱ्या चादरीची, आणि तिच्या पायथ्याशी कोथिंबिरीची पाटी आहे. सलाइनची बाटली बाभळीच्या फांदीला टांगली आहे. बायका खाटेला वळसा घालून ये-जा करताहेत. मंजिरी खाटेजवळ उभी आहे, तेवीस फेब्रुवारीला उभी होती तशी, शाळेच्या गणवेशात.

आता ती ते बोलते. पंधरा दिवस जे बोलायचं राहिलं होतं, ते.

"मी सरांना सांगितलं, तर ते कार्ड काढून टाकतील."

"टाकतील बहुतेक."

"प्रस्तावनेतलं पण काढतील. तू शेवटचं सांगितलेलं."

"काढावं लागेल."

"मग तू हसली होतीस ते?" मंजिरीचा आवाज सपाट आहे, पाढा म्हटल्यासारखा. "तू खोट्यावर हसलीस. माझ्या डोक्यावर हात ठेवलास तो गिरजाबाईंच्या वाक्यासाठी. ते वाक्यच नव्हतं. मग ते सगळंच जाईल."

आत्या चादरीची सुरकुती सरळ करते. एक झाली की दुसरी.

"मला ते 'नसत्यात' खटकलं होतं," ती म्हणते.

"मग बोलली का नाहीस?"

"हसत होते ना."

मुलांनो, आत्याला ते दवाखान्यात खरोखर खटकलं होतं का, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. मंजिरीलाही नाही. हे स्वप्नातल्या आत्याने सांगितलं, एवढंच आपण म्हणू शकतो. पुढचं ऐका.

"मी हसले की नाही?" आत्या विचारते.

"हसलीस."

"तू ऐकलंस?"

"हो."

"कुठे, किती वाजता?"

"दवाखान्यात. सहा वाजून गेले होते. चहाची गाडी आली होती. ठसका लागला तुला, सिस्टर ओरडल्या."

"मग ते झालं. झालेलं कोणाला काढता येत नाही, निकुंभांना नाही आणि मलाही नाही. कशामुळे हसले ते खोटं असेल. हसले ते खोटं कसं होईल?"

मंजिरी ऐकते. कुठेतरी खूप आत, झोपलेल्या पायाच्या अंगठ्यात, एक मुंगी चालल्यासारखं होतं. तेवढंच.

"चूक झालेली खोडायची कशी, ते तुला कधी दाखवलं नाही मी," आत्या म्हणते. तिच्या हातात एक पेन्सिल आहे, आखूड, ओली केली की जांभळी उमटणारी. "तू खोडरबर आणशील. ब्लेडने खरवडशील. तसं करायचं नाही. कारखान्यात खाडाखोड केलेला कागद दिसला की तो अख्खा तक्ता बाद. एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते कळतं. बाजूला आपलं नाव आणि तारीख. ज्याने चुकवलं त्यानेच मारायची, दुसऱ्याने नाही. हात इकडे कर."

मंजिरी हात पुढे करते. आत्या पेन्सिल जिभेला लावते आणि तिच्या तळव्यावर रेघ ओढते, करंगळीच्या बुडापासून अंगठ्यापर्यंत. सरळ, बेताची. हे मात्र लागतं. गार लागतं, आणि टोक जरासं टोचतं.

"आत्या, तू थांबशील पाच वाजेपर्यंत?"

"अशी," आत्या म्हणते. "एकच."

कोथिंबिरीची पाटी, बाभूळ, बायका, सगळं कूलरच्या आवाजात मिसळत जातं. मंजिरी आणखी एक प्रश्न विचारते. कोणता ते तिला नंतर आठवत नाही.

गालाला फरशी लागते. गार.

मंजिरी उठून बसते. भिंतीवरच्या घड्याळात चार चाळीस. खोके सात, जागच्या जागी. ती डोळे चोळायला हात वर करते आणि थांबते. उजव्या तळव्यावर एक जांभळी रेघ आहे, करंगळीच्या बुडापासून अंगठ्यापर्यंत. तशी पेन्सिल तिसऱ्या खोक्यात असायची, हे खरं. झोपेत हातात धरली असेल, घामाने ओली झाली असेल, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी नाही म्हणणार नाही. मला एवढंच नक्की ठाऊक आहे, की रेघ होती, एकच होती, आणि मंजिरीने अंगठा लावून बघितला तेव्हा ती ओली होती.

दारावरची बेल वाजते. निकुंभ सर वेळेआधी पोचतात, ही त्यांची खोड. आई उठते, केस सारखे करते, चहा टाकायला आत जाते. सर खुर्चीवर टेकतात, एकेक खोका मोजतात.

"स्कूटर आणलीय," ते शेवटी म्हणतात. "दोन खेपा कराव्या लागतील."

मंजिरीने तिसऱ्या खोक्यातून कार्ड काढलेलं असतं. पेन्सिलही.

"सर, हे गिरजाबाई बोलल्या नाहीत."

सर चष्मा लावून कार्ड वाचतात. "मग कोण बोललं?"

"कोणीच नाही. मी रचलं आणि त्यांच्या नावावर टाकलं."

"अगं..." सर कार्डाकडे बघतात, तिच्याकडे बघतात. "प्रस्तावनेत आहे हे. ताईंनी सांगून लिहून घेतलेलं शेवटचं पान. त्या किती..."

"माहीत आहे मला."

"ते पान जाईल बेटा."

"हो."

आतून कपबशांचा आवाज येतो. मंजिरी फरशीवर मांडी घालून बसते, कार्ड खोक्याच्या झाकणावर ठेवते, पेन्सिल जिभेला लावते. चव कडू आहे. गिरजाबाईंच्या नावावरून ती एक रेघ ओढते, सरळ, बेताची. खालचं नाव वाचता येतं. बाजूला ती लिहिते, 'रचलं: मंजिरी बोरस्ते.'

"आज काय तारीख, सर?"

"सतरा."

ती सतरा एप्रिल घालते. कार्डावर अजून बोटभर जागा उरलेली आहे. मंजिरी त्या जागेकडे बघते, पेन्सिल पुन्हा जिभेला लावते आणि कोणालाही न विचारता लिहिते:

"हे वाचून शकुंतला बोरस्ते हसल्या. दवाखाना, तेवीस फेब्रुवारी, संध्याकाळी सहानंतर. मी ऐकलं."

मग तिने कार्ड सरांच्या हातात दिलं, पहिला खोका उचलला आणि जिना उतरायला लागली.